निश्चिंत अभ्रा

सर्व आजार मनातून सुरू होतात, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. निदान टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, मंगळवार ते शनिवार, सकाळी नऊ ते बारा या वेळात तरी होतं. रविवारी-सोमवारी आजार वाटेल तिथून सुरू होऊ शकत.

जिना अरुंद. साडेआठपासूनच त्यावर पायरीगणिक एक बाई. कुणाच्या छातीत गाठ, कुणाच्या बहिणीला होती म्हणून हिची झोप उडालेली, कुणी लेकीला दंडाला धरून आणलेलं. खालून रबराचा वास आणि वरून माईंचा आवाज.

"मोकळ्या व्हा गं बायांनो. जे गिळलंत तेच छातीत बसलंय. जिला ताण नाही, तिला कर्करोग नाही."

माई पूर्वी काय करत, कुणाला ठाऊक नव्हतं. "मीही तुमच्यासारखीच होते," एवढंच त्या सांगत. म्हणजे बहुधा जिन्यावर उभ्या होत्या.

त्यांचं साधन म्हणजे सोनेरी चौकटीत बसवलेली बोटभर काळी पट्टी. ती तळहातावर टेकवायची. काळीच राहिली तर ताण आत दडलेला. हिरवी झाली तर बाई निर्मळ. काळी राहिली की माई तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून पंधरा मिनिटं घरची दुःखं ऐकत, मग पुन्हा पट्टी टेकवत, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळ्याचं हिरवं होई. ते पाहून दारातल्या बायका रडत. मी त्यांना हसणार नाही. पंधरा मिनिटं हात धरून कुणी ऐकलं, तर मीही रडेन.

मी पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीत सुपरवायझर. आमच्याकडे इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे डगले येतात. खोल्या दोन. मागे धुण्याची, तिथे बायका दिवसभर थंड पाण्यात कोपरापर्यंत हात घालून उभ्या असतात. पुढे इस्त्रीची, तिथे उन्हाळा बारा महिने. मी पदवीधर आहे, आणि त्या पदवीचा उपयोग कुणाला कुठल्या खोलीत पाठवायचं हे फळ्यावर लिहिण्यापुरता होतो.

माझी वहिनी अकरा वर्षं इस्त्रीवर आहे. एक दिवस आंघोळ करताना तिच्या हाताला छातीतली गाठ लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मोजून चिठ्ठीवर दोन सेंटीमीटर लिहिलं आणि म्हणाल्या, "सुई घालून तुकडा काढून तपासू. याच आठवड्यात." दादाने मान डोलावली, आणि शनिवारी अकराला अर्ध्या दिवसाचं काम सुटल्यावर वहिनीला परस्पर माईंकडे नेलं.

पट्टी टेकवताक्षणी हिरवी झाली. हात धरावा लागला नाही की दुःख ऐकावं लागलं नाही.

"अशी निर्मळ बाई मी पाहिली नाही," माई म्हणाल्या. "ही गाठ तसली नव्हेच. सुईच्या वाटेला जाऊ नका. सुईनेच ताण येतो."

दादा येताना मिठाई घेऊन आला.

मी काय केलं? मी विनोद केला. "मला लावली तर सप्तरंग उमटतील," असं म्हणालो. सगळे हसले, वहिनीही हसली. मी विवेकवादी आहे हे घरात सर्वमान्य होतं, आणि त्याचा कुणालाही उपद्रव नव्हता. खरं सांगायचं तर त्या हिरव्या रंगाने मलाही हायसं वाटलं होतं.

तिकडे धुण्याच्या खोलीतल्या सहाच्या सहा जणी काळ्या निघाल्या होत्या. त्यांत सगळ्यात थोरली मावशी. तिला गाठबीठ काही नव्हती, पण तिची सख्खी बहीण याच आजाराने गेली होती. माईंनी तिला सांगितलं, "सुनेबद्दल विष आहे तुमच्या मनात. ते छातीत उतरणार." मावशी इतकी हादरली की रोज सकाळी उठून सुनेला हातात चहा द्यायला लागली. सासूला झालंय तरी काय, म्हणून सून माहेरी फोन करून रडली.

तीन महिने असेच गेले. मग इस्त्रीचा मोठा रोलर बंद पडला. पुढे हात रिकामे झाले आणि मागे धुण्याचा ढीग होताच, म्हणून मी वहिनीला मागे पाठवलं, आणि मावशीच्या सांध्यांची दया येऊन तिला छोट्या इस्त्रीवर बसवलं. माझ्या पदवीने जगाला दिलेली ही एकमेव देणगी, आणि तीही अजाणतेपणी.

त्या शनिवारी दोघी अकराला कामावरून सुटून तडक माईंकडे गेल्या. मावशी हिरवी झाली. वहिनी काळी.

"काय गिळलंस या आठवड्यात?" माईंनी विचारलं. घरी दादाने तेच विचारलं, फक्त वरच्या पट्टीत. "एवढं बरं चाललं होतं. तू कसला विचार करत बसतेस?"

सोमवारी मधल्या सुट्टीत वहिनी पाण्याच्या पिंपाशी उभी होती. हात पांढरे पडले होते.

"भाऊजी, मी खरंच काही मनात ठेवलं नव्हतं. दोन दिवस शोधतेय. जाऊ, सासू, लेकाची परीक्षा, सगळं चाचपून पाहिलं. सापडत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "गाठ मात्र मोठी झालीय. लिंबाएवढी."

"दादाला सांगितलंत?"

"सांगितलं तर म्हणतील, काळजी केलीस म्हणून वाढली."

मला या वेळी विनोद सुचला नाही.

मावशी चहाचा पेला घेऊन तिथेच टेकली होती. ती म्हणाली, "मला एक सांगा साहेब. माझी सून एका आठवड्यात सुधारली का?"

"मला काय माहीत?"

"नाही सुधारली. सून तीच, तिची जीभ तीच, माझं तिच्याबद्दलचं मतही तेच. मग मी हिरवी कशी? आणि ही गरीब गाय काळी कशी?" तिने स्वतःचा तळहात वहिनीच्या गालाला लावला. "कसा लागतो?"

"गरम," वहिनी म्हणाली.

"आणि तुझा माझ्या गालाला लाव. बर्फ आहे नुसता. आमची सगळी खोली काळी, तुमची सगळी हिरवी. एवढी वर्षं कपडे धुतले, पण असा डाग बघितला नव्हता."

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं जिना चढलो. मावशीच्या पदराआड टॉवेलात गुंडाळलेला एक अभ्रा होता, नुकताच इस्त्रीखालून काढलेला. खोलीत पंचवीसेक बायका. माईंनी पट्टी पुढे केली तशी मावशीने अभ्रा उलगडला आणि पट्टी त्याच्यावर टेकवली.

पट्टी हिरवीगार झाली.

"माई," मावशी म्हणाली, "अभ्रा अगदी निश्चिंत आहे. सुनेबद्दल याच्या मनात काही नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. माई डगमगल्या नाहीत. "ज्या हातांनी इस्त्री केली, त्यांची शांती त्याच्यात उतरलीय."

"इस्त्री मी केली, आणि शिव्या देत केली."

मग वहिनी पुढे झाली. तिने पट्टी उचलली आणि माईंच्या पाण्याच्या थंडगार तांब्यावर धरली. काळी. पुन्हा अभ्र्यावर. हिरवी. पुन्हा तांब्यावर. ती ते करतच राहिली, चार वेळा, पाच वेळा. शेवटी तिने पट्टी खाली ठेवली.

"तीन महिने," ती म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.

तिच्यामागून किती जणी उतरल्या म्हणाल तर चार. बाकीच्या सरकून पुढे बसल्या. एक जण मला म्हणाली, "तुम्हाला काय जातंय? आम्हाला त्या सुईची भीती वाटते." भीती खरीच होती. खोटी होती ती पट्टी.

दादाला फोन करून दवाखान्यात बोलावलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं. साडेतीन. काखेतही एक होती, ती पूर्वी नव्हती. सुई घातली, तुकडा गेला. आठवड्याने जो निकाल आला तो आम्ही चौघंही आधीच ओळखून होतो. ऑपरेशन, मग औषधं, मग बघू. त्या "बघू" म्हणाल्या तेव्हा दादाने भिंतीला हात टेकला.

वहिनीने एकच विचारलं. "मी मनात ठेवलं, म्हणून झालं का हो?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोकांनी यावर पुष्कळ अभ्यास केलेत. सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत, पण ताणाने हा रोग होतो असं ठामपणे कुणाला दाखवता आलेलं नाही. ताण वाईटच. झोप घालवतो, भूक घालवतो, माणसाला दारूकडे ढकलतो, दवाखान्यात यायला उशीर करवतो. पण शांत बायकांनाही हा होतो, आणि जन्मभर चिडलेल्या कित्येक जणींना होत नाही. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही."

वहिनी तेव्हा रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि परवानगी मिळाल्यासारखी.

दादा बाहेर येऊन मला म्हणाला, "तुला पहिल्यापासून माहीत होतं ना? मग बोलला का नाहीस?" मी बोललो होतो. सप्तरंगांबद्दल.

म्हणून आता विनोद बाजूला ठेवून सांगतो. गाठ लागली तर मन चाचपत बसू नका, गाठ तपासून घ्या. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण कुठली आहे आणि कुठली नाही, हे तळहाताला विचारून कळत नाही. घाबरलेल्या बाईचा हात जरूर धरा. धरून तिला दवाखान्यात न्या.

माई अजून बसतात. जिना अजून भरतो. दारावर फक्त एक नवी पाटी आली आहे: 'गरम कपडे आत आणू नयेत.'

वहिनीला ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा तिच्या अंगाखाली आमच्याच लाँड्रीची चादर होती. दादा आणि मी बाहेर बाकावर बसलो. समोर माशांची टाकी होती, आणि तिच्या काचेवर माईंकडच्यासारखीच पट्टी चिकटवलेली होती. सोनेरी चौकट नसल्यामुळे तिच्यावरचे अंशांचे आकडे दिसत होते. टाकीत एक मासा पोट वर करून तरंगत होता. पट्टी हिरवी होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. पाणी सव्वीस अंश होतं.