स्वयंपाकघरातलं सिमला

शैलाताई जर्मनीत रेगेन्सबर्गला आल्या त्या मुलाचा संसार बघायला, असं त्यांनी सगळ्या सोसायटीला सांगितलं होतं. खरं कारण फक्त त्यांच्या यजमानांना, पद्माकररावांना माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा उत्कर्ष इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता, आणि "पुण्याला परत कधी येणार?" या प्रश्नाला गेली तीन वर्षं "बघू, आई" एवढंच उत्तर देत होता. हे भिजत घोंगडं एकदाचं पिळून वाळत घालायचं, या निश्चयाने बाई विमानात बसल्या होत्या.

"हो म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे," पद्माकररावांनी निघताना बजावलं होतं, "पण उत्तर घेऊन ये." शैलाताईंनी मान डोलावली खरी, पण त्यांच्या हिशेबात 'नाही'ला जागाच नव्हती.

मोहीम त्यांनी रीतसर आखली होती. पहिल्या आठवड्यात पिठलं, थालीपीठ, आमटी, म्हणजे पोटातून वार. दुसऱ्या आठवड्यात पुण्यातले शेजारचे देशमुख, ज्यांचा मुलगा अमेरिकेतून परत आला आणि आता किती सुखात आहे, याची रोज एक कथा. सून मैत्रेयीला आपल्या बाजूला ओढायचाही एक प्रयत्न झाला. पण ती गोड हसली आणि "ते तुम्ही दोघं ठरवा, आई" म्हणून मोकळी झाली. तिला कुणाच्या बाजूने बोलायचं नव्हतं. उत्कर्ष थालीपीठ मिटक्या मारत खाई, देशमुखांच्या कथेला हुंकार देई, आणि शेवटी म्हणे, "बघू, आई." परतीचं विमान मंगळवारचं होतं आणि शनिवार उजाडला तरी घोडं तिथेच अडलेलं होतं.

गंमत अशी की या विषयात शैलाताई काही नवख्या नव्हत्या. टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी कोथरूडच्या वधूवर सूचक मंडळात वर्षानुवर्षं फुकट काम केलं होतं. मुलाकडचे "कळवतो" म्हणाले, की ते खरंच कळवणार आहेत की वाटाण्याच्या अक्षता लावणार आहेत, हे त्यांना नुसत्या आवाजावरून समजे. लोक त्यांना विचारायला येत. पण दुसऱ्याच्या मुलाचं बोलणं ऐकणारे कान आपल्या मुलापाशी बंद होतात, याला बाईंचा इलाज नव्हता.

त्या शनिवारी घरात खेळ होता. मैत्रेयी इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय होता पहिल्या महायुद्धातलं अफगाणिस्तान. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तिने त्यावर एक 'प्लानश्पील' तयार केला होता, म्हणजे ज्यात प्रत्येकाने एकेक देश व्हायचं असा खेळ. तो आधी घरी करून बघायचा होता. उत्कर्षचे ऑफिसमधले मित्र कोर्बिनियान आणि श्टेफी वेळेच्या आधी पाच मिनिटं हजर झाले, नियमांची पानं वाचून आले होते, आणि त्यावर पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या. या लोकांना खेळ दिला तरी ते त्याची परीक्षाच करतात, असं शैलाताईंचं मत झालं.

एवढ्यात इंग्रज होणाऱ्याचा फोन आला. तो आजारी पडला होता.

"आई, तुम्ही व्हाल का इंग्रज?" मैत्रेयीने विचारलं.

"मी? अगं, माझे आजोबा बेचाळीसला येरवड्यात होते!"

"आई, दोन तासांचंच राज्य आहे," उत्कर्ष हसत म्हणाला. "आणि तुला हुकूम सोडायला आवडतात."

मैत्रेयीने थोडक्यात समजावलं. साल एकोणीसशे पंधरा. जर्मनीने आपले दूत काबूलला पाठवले आहेत. तिथल्या राजाने, अमिराने, हिंदुस्थानवर चाल करावी, असं त्यांना हवंय. इंग्रजांची बरीचशी फौज युरोपात आणि इराकमध्ये अडकलीय. सरहद्दीवर उरलेत ते थोडे लोक. अमीर उठला तर इंग्रजांची पंचाईत, जागेवर राहिला तर इंग्रज जिंकले. अमीर झाला होता उत्कर्ष. जर्मन दूत दिवाणखान्यात त्याच्या शेजारी बसून त्याला पटवणार, आणि इंग्रजांनी लांब सिमल्यात बसून नुसत्या चिठ्ठ्या पाठवायच्या. सिमला म्हणजे स्वयंपाकघर.

"म्हणजे त्यांनी समोरासमोर बोलायचं आणि मी लांबून?" शैलाताई म्हणाल्या. "हे तर मी तीन वर्षं करतेच आहे." कुणी ते ऐकलं नाही, आणि त्यांनीही ते गमतीतच घेतलं.

ओट्याशेजारच्या टेबलावर नकाशा पसरला. लाल सोंगट्या म्हणजे पलटणी. त्यातल्या निम्म्यांच्या खाली 'फक्त कागदावर' असं लिहिलेलं होतं, आणि ते फक्त इंग्रजांना माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शैलाताईंना लगेच कळलं. त्यांनी सगळ्या सोंगट्या खैबर खिंडीत दाटीवाटीने मांडल्या आणि पहिली चिठ्ठी लिहायला घेतली. मराठीत.

चिठ्ठी बाहेर जाताच दिवाणखान्यातून कोर्बिनियानचा आवाज आला. चिठ्ठी परक्या भाषेत चालेल का? नियमांची पानं उलटली गेली. भाषेबद्दल नियमांत काही नव्हतं. "आल्झो गुट," म्हणजे ठीक आहे तर, असं तो खिन्नपणे म्हणाला.

पहिली चिठ्ठी लांबलचक होती. इतक्या वर्षांचा आपला घरोबा, आम्ही तुम्हाला काय कमी केलं, आणि आता तुम्ही परक्यांच्या पंगतीला बसलात. मैत्रेयी उत्तर घेऊन आली: 'विचार करतो.' दुसऱ्या चिठ्ठीत शैलाताईंनी दम भरला. खैबरात आमची फौज उभी आहे, ती शोभेला नाही. उत्तर आलं: 'विचार करतो. दरबार बोलावला आहे.' तिसरीत त्यांनी मानाची तलवार, किताब, वर्षासन, सगळं देऊ केलं. उत्तर: 'फार आभारी. विचार करतो.'

"शिकलाय कुणाकडून हा!" शैलाताई पेन आपटून म्हणाल्या.

बाहेर श्टेफी आवाज चढवून इंग्रजीत बोलत होती. "प्रत्येक फेरीला तो आम्हाला हेच सांगतोय! विचार करतो, विचार करतो!"

शैलाताईंचा हात थांबला. म्हणजे दोघांनाही? मग हा मला झुलवत नाहीये. त्यांना मंडळातले एक गृहस्थ आठवले. देखणी, शिकलेली मुलगी, आणि प्रत्येक स्थळाला हे "कळवतो" म्हणत. मुलीला लग्नच करायचं नव्हतं, आणि समोरच्याचं मन मोडवत नव्हतं म्हणून बिचारा बाप सगळ्यांना टांगून ठेवी. अशा माणसाला आग्रह केला की तो आणखी आक्रसतो. त्याला सांगायचं असतं की बाबा, काही नको, निवांत रहा. मग तो मोकळा होऊन बोलतो.

त्यांनी खैबरातल्या सोंगट्या उचलून मागे पेशावरला नेल्या. नवा कागद घेतला आणि झरझर लिहिलं: 'तुम्ही काही करायला नको. आहात तिथे सुखाने रहा. आमचा आग्रह नाही.'

मैत्रेयी चिठ्ठी घेऊन गेली. शैलाताई गॅसवर चहा ठेवायला उठल्या आणि पातेलं हातात तसंच राहिलं. आहात तिथे सुखाने रहा. हे आपण कुणाला लिहिलं? बाईंचे कान एकदम उघडले. तीन वर्षांचे सगळे "बघू, आई" एका रांगेत ऐकू आले, आणि त्या प्रत्येकात एक 'नाही' दडलेलं होतं. आपलं पोर आपल्याला फसवत नव्हतं. त्याला आपलं मन मोडवत नव्हतं, एवढंच.

बाहेर चिठ्ठी वाचली गेली. मग श्टेफी ओरडली, कोर्बिनियानने नियम पुन्हा तपासायची मागणी केली, आणि मैत्रेयी उत्तर घेऊन आली. त्यावर एकच शब्द होता: 'मान्य.' अमीर जागचा हलणार नव्हता. इंग्रज जिंकले होते.

तिच्या पाठोपाठ उत्कर्ष आत आला. मैत्रेयीने दोघांकडे पाहिलं आणि पाहुण्यांना शंकरपाळे द्यायचं निमित्त करून बाहेर गेली.

"आई, ही चिठ्ठी अमिराला होती की मला?"

"लिहिली अमिराला," शैलाताई म्हणाल्या. "तुला मिळाली असेल तर बरंच झालं." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "उत्कर्षा, नाही असेल तर नाही म्हण. मी रागावणार नाही. फौज मागे नेलीय मी."

उत्कर्ष नकाशाकडे बघत उभा राहिला. कारखान्यात मोठमोठ्या लोकांसमोर फाडफाड बोलणारा त्यांचा मुलगा चौथीतल्या मुलासारखा बोटं मोडत होता.

"नाही येणार, आई," तो शेवटी म्हणाला. "आम्हाला इथेच रहायचंय. मला सांगायचं होतं. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की धीरच व्हायचा नाही."

वाईट वाटलंच. पण गेली तीन वर्षं दर रविवारी फोन ठेवल्यावर जे काही पोखरत असे, ते एकदम थांबलं, आणि बाईंना नवल वाटलं की 'नाही' हा शब्द इतका सोसण्यासारखा असतो. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग, राज्य जिंकलेलंच होतं तर, तहाची अट घातली.

"मग माझंही एक ऐक. दर उन्हाळ्यात मी आणि तुझे बाबा इथे येणार. व्हिसा देईल तेवढे सगळे दिवस राहणार. तुमच्या घरात माझ्या पद्धतीने फोडणी पडणार, आणि त्यावर मला..."

"ये," उत्कर्ष म्हणाला.

"अरे, पुरतं ऐक तरी."

"ये, आई. दर वर्षी ये. नक्की."

'विचार करतो' नाही, 'बघू' नाही. शैलाताईंनी मुलाला जवळ ओढलं. तो आता इतका उंच झाला होता की त्याला त्यांच्यासाठी चांगलंच वाकावं लागलं.