माझ्या नावाचं बिऱ्हाड

साळूच्या दहाव्याला कृष्णेच्या काठावर कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं तरी भाताचा पिंड तसाच होता. माणसं सावलीला सरकली. मी ओल्या धोतरानं उभा राहिलो. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं बायकोचं सगळं मलाच करायचं होतं.

कावळा का शिवत नाही ते मला ठाऊक आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

मी भाऊसोंच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. मोटार चालवायला पलटणीत शिकलो, तिकडं इराकात बसऱ्याला. भाऊसो म्हणजे इस्लामपुराकडचं मोठं प्रस्थ. नदीकाठाला ऊस, लोकल बोर्डात खुर्ची, अंगावर खादी. सेहेचाळीस साली ते असेंब्लीला उभे राहिले. साळू गेली ती त्याच प्रचाराच्या दिवसांत.

त्याआधी चार वर्षं एका शनिवारी भाऊसोंनी मला सांगलीत एका घरापुढं गाडी थांबवायला लावली. सांगली तेव्हा संस्थानात होती. आमच्या तालुक्यातली मतं तिथं नव्हती.

"आकाराम, हे घर भाड्यानं घ्यायचंय. भाडेचिठ्ठीवर तुझं नाव घाल."

"माझं कशाला जी?"

"माझं नाव शेंबड्या पोरालाही वाचता येतं, म्हणून." आणि ते हसले.

मी सही केली. त्या घरात मनुबाई राहायला आली. विधवा होती, शिवणकाम करायची. बाई वाईट नव्हती. मी बाहेर गाडी पुसत बसायचो तेव्हा आतून चहा पाठवायची. दर शनिवारी आम्ही तिथं जायचो आणि भाऊसोंच्या घरी सांगितलं जायचं की मीटिंग आहे.

दोन वर्षांनी आमच्या आळीतला ज्ञानू सांगलीला हळद घेऊन गेला. त्यानं दारात भाऊसोंची गाडी आणि तिच्यापाशी मला एकट्याला पाहिलं आणि घरमालकाला विचारलं, हे बिऱ्हाड कुणाचं? मालकानं चिठ्ठीवरचं नाव सांगितलं. ज्ञानू गावात आला तो थेट पारावरच.

"आकाराम, लय छुपा रुस्तुम निघालास रं! हळद मी इकायची आन् लावून घ्यायची तू व्हय?"

"पोर न्हाई ना पोटाला. करंल न्हाई तर काय," असं दुसरा कुणी म्हणाला.

मी खाली मान घालून भाऊसोंकडं गेलो. गावात काय बोलतात ते सांगितलं.

"बोलू दे, गड्या. गरिबाची अब्रू आठ दिवसांत भरून येते. माझी गेली तर परत येणार नाही."

"बायकोला तेवढं सांगू का जी?"

"बायकोला सांगितलं म्हणजे पाणवठ्याला सांगितलं." त्यांनी देवघरातून बेलभंडार आणवला आणि कुणाला सांगणार नाही म्हणून मला उचलायला लावला. बेलभंडार उचलून दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. मीही मोडला नाही.

साळूनं मला काही विचारलं नाही. जेवायला वाढायची, न्हाणीत पाणी काढून ठेवायची. पाण्याला जायची तेवढी वेळ मात्र तिनं बदलली. बाकीच्या बायका परतल्या की मग ती निघायची.

मग पंचेचाळीसच्या गुढीपाडव्याला ती सुपात तांदूळ निवडत होती. खोकला तेव्हाच लागला होता. मान वर न करता म्हणाली, "आवं, तिला हितंच आना. पोरबाळ झालं तर मी सांभाळीन."

"तसं काय न्हाई, साळू."

"मग कसं हाय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी गाडी धुवायला निघून गेलो. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पुढच्या माघात ती गेली.

तर नदीवर कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर दोन बसले होते, पण खाली येत नव्हते. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात. मग घरच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा असतो.

"म्हशीला इकनार न्हाई म्हन," ज्ञानू म्हणाला. मी म्हटलं.

"दाजी, दुसरं लगीन करनार न्हाई म्हना," साळूची बहीण बयाबाई म्हणाली. मी तेही म्हटलं. कावळ्यानं मान वाकडी केली आणि तिथंच बसला.

"आवं, सांगलीवालीचं बोला की," बायकांतून एक म्हातारी बोलली. कुणीतरी तोंडाला पटका लावून हसलं.

तेवढ्यात भाऊसो पुढं आले. प्रचाराला निघता निघता मालकीणबाईंना, आमच्या वहिनीसाहेबांना, घेऊन ते मुद्दाम दहाव्याला आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेत बोलतात तसं बोलले, "साळूबाई, आकाराम आमच्या घरचा माणूस. त्याची चूक पोटात घाल. आजपासून तो सांगलीच्या त्या घरी पाय ठेवणार नाही. हा भाऊसोचा शब्द!"

"केवढं मन हाय बगा," मागं कुणी म्हणालं.

भाऊसोंचा हात खांद्यावर तसाच होता. मी हात जोडले. बेलभंडार आठवला. तरी बोललो.

"साळू, ती बाई माझी न्हाई. चिठ्ठीवर नाव तेवढं माझं हाय. मी भाऊसोंना घेऊन जात हुतो."

भाऊसोंनी हात काढला नाही, उलट पाठीवरून फिरवला.

"दुःखानं डोकं ठिकाणावर नाही बिचाऱ्याचं. जपा रे याला."

लोकांनी माना हलवल्या. ज्ञानूनं मला दंडाला धरून बाजूला नेलं, "असं खाल्ल्या घरावर उलटू नये रं," म्हणाला. कावळे उडून नदीपलीकडं गेले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि विधी उरकला.

भाऊसो लोकांत बोलत उभे होते. मी धोतर पिळत होतो. वहिनीसाहेब, विजयमाला त्यांचं नाव, एकट्याच पायऱ्या उतरून माझ्यापाशी आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी गाडी कुठं न्यायची याखेरीज काही बोलल्या नव्हत्या.

"तुम्ही खरं बोललात, मला माहीत आहे."

मी हातातलं धोतर पायरीवर ठेवलं.

"साळूलाही माहीत होतं. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला वाण घ्यायला आली होती, तेव्हा मीच सांगितलं. म्हटलं, दोघींतल्या एकीनं तरी रडू नये."

"काय म्हनली ती?"

"हातातलं वाण खाली ठेवलं. मग म्हणाली, वहिनीसाहेब, तुमी सांगितलं ते त्यास्नी कळू देऊ नका. मला त्यांच्या तोंडनं ऐकायचं हाय."

संक्रांत आधी, पाडवा नंतर. म्हणजे सूप घेऊन बसली होती तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

"तिनं विचारलं नाही का तुम्हाला?"

"इचारलं."

वहिनीसाहेबांनी पदर सारखा केला. "मी तर ह्यांना कधी विचारलंही नाही," एवढं म्हणून त्या मोटारीकडं गेल्या.

सुतक फिटल्यावरही मी गाडीवर गेलो नाही. भाऊसो निवडून आले. सांगलीचं बिऱ्हाड आता कुणाच्या नावावर आहे मला माहीत नाही. पारावर मला वेडा म्हणतात आणि पहिल्यासारखी चेष्टा करत नाहीत.

त्या दिवशी नदीवरून घरी आलो. बयाबाई भाकरी झाकून ठेवून तिच्या घरी गेली होती. मी दार लावलं आणि साळू बसायची त्या जागेकडं तोंड करून बसलो. जे सांगायचं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. सांगलीचं घर, सही, बेलभंडार, सगळं. मला वाटलं होतं लय वेळ लागेल. चूल पेटायला लागतो तेवढाही लागला नाही.