परीक्षेच्या टेबलावरचा काळा फुगा

मित्रांनो, मी एक जुना काळा रबरी फुगा आहे. वाढदिवसाचा नव्हे. भूल दिलेल्या माणसाचा श्वास थांबतो, तेव्हा डॉक्टर मला दाबतात आणि माझ्यातली हवा नळीतून त्याच्या छातीत जाते.

माझ्या तरुणपणी भूल कुणीही द्यायचं. ज्याचे हात रिकामे, तो उभा. सर्जन म्हणायचे, "अहो, माणसाला झोपवायला काय अक्कल लागते?" माणसं झोपायची आणि काही उठायचीच नाहीत. शेवटी काही भूलतज्ज्ञ एका पत्र्याच्या खोलीत जमले आणि त्यांनी मंडळ काढलं. परीक्षा पास झाल्याशिवाय कुणी स्वतःला भूलतज्ज्ञ म्हणवायचं नाही. लोक हसले. "झोपाळूंचं मंडळ" म्हणाले.

परीक्षेत मी उमेदवाराच्या हातात असे आणि नळीचं टोक पुतळ्याच्या तोंडात. समोरून परीक्षक प्रश्नांचा भडिमार करत. तेवढ्यात पडद्यामागे बसलेले अध्यक्ष नळीला हळूच चिमटा लावत. हवा अडायची आणि मी ताठ व्हायचो. हाताला ते कळलं आणि उमेदवाराने बोलणं तोडलं, तर तो पास.

एकदा अध्यक्षांचा सख्खा भाचा परीक्षेला बसला. बापाने बांधलेलं हॉस्पिटल त्याच्या प्रमाणपत्रापायी खोळंबलं होतं. गडी घडाघडा बोलत होता. मी ताठलो. तो मला आणखी जोरात दाबत बोलतच राहिला.

"मामा, एक तरी उत्तर चुकलं का?"

"नाही रे. उत्तरं फर्स्ट क्लास. पेशंट तेवढा मेला."

"आईला काय सांगू?"

"सांग, तुझ्या भावाने नापास केलं."

बहिणीने भावाशी बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी भाचा परत आला. या वेळी अर्ध्या वाक्यात थांबला आणि पडद्याकडे बघून ओरडला, "नळी सोडा!" मामांनी पडद्यामागे डोळे पुसले. पडद्याच्या फटीतून ते फक्त मला दिसलं.

आज तोच भाचा अध्यक्ष आहे. मंडळाची मोठी इमारत झाली. परीक्षा संगणकावर होते, चारातलं एक उत्तर निवडायचं. मला त्याने जिन्याखाली काचेच्या पेटीत ठेवलं. मान म्हणे! अरे, रबर हातात राहिलं तर मऊ राहतं. इथे मला भेगा पडल्या. येणारे-जाणारे माझ्या काचेत आपला भांग बघतात.

गेल्या महिन्यात म्हातारे मामा काठी टेकत आले. त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं.

"मामा, काळजी सोडा. भूल देणारा पोरगा आपल्या परीक्षेत पहिला आलाय."

"असेल. फुगा धरलाय का रे त्याने कधी?"

मामांनी काचेवर हात ठेवला. त्यांची बोटं मिटत होती, उघडत होती, मला दाबल्यासारखी.

त्यानंतर ते आलेले नाहीत. ऑपरेशनचं काय झालं, ते पेटीतल्याला कोण येऊन सांगणार?

मित्रांनो, मला जपू नका. जपून जपूनच माझा जीव घेतलाय. पण उद्या कुणाचा श्वास तुमच्या हातात आला, तर तोंड मिटा आणि हाताला काय कळतंय ते ऐका.