बोटीच्या गाद्यांचा भाव

डॅनिकाने गादी उलटी केली, खालचं काळं कापड कापलं आणि आत बोट घातलं. बोट प्लायवूडला लागायला हवं होतं. ते ओल्या केकसारख्या कशात तरी रुतलं.

"गेलं," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने दुसरी गादी उघडली. तीही तशीच. तिसरीत फळी जागेवर होती, पण स्क्रू हाताने ओढला तरी बाहेर येत होता. फोम पिळला तर पाणी गळत होतं, आणि बर्फ वितळून तळं मोकळं होऊन तर फक्त तीन आठवडे झाले होते. म्हणजे हे पाणी गेल्या उन्हाळ्यातलं. हिवाळाभर ते आत गोठून बसलं होतं आणि आता पुन्हा सुटलं होतं.

गाद्या मिस्टर टॉलेफसनांच्या बोटीच्या. बोट म्हणजे दोन लांबलचक ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांवर ठेवलेला तरंगता ओटा, कडेने सोफे, मध्ये टेबल. उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी राहणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या घरी असते तशी. गेल्या आठवड्यात त्यांनी फोनवर विचारलं होतं, "डॅनी, रेक्झीन जरा उसवलंय. साधारण काय होतील?" आणि गाद्या न बघताच डॅनिका म्हणाली होती, "हजारेक."

आता तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. रेक्झीन, फोम, पाण्यात टिकणारं प्लायवूड, उन्हात न कुजणारा दोरा, आणि तिची स्वतःची मेहनत. दोन हजार शंभर डॉलर. हजारात काम करायचं तर मेहनत फुकट आणि लाकूड पदरचं.

सोफ्याच्या पाठीवर तळहाताएवढा गुलाबी डाग होता. तो बघून तिला सगळी कहाणी कळली. हा डाग बाहेरून पडत नाही. आत ओल राहिली की लाकडात आणि फोममध्ये अतिसूक्ष्म जीव वाढतात, ते रंग तयार करतात, आणि तो रंग रेक्झीनमधून झिरपत वर येतो. वरून कितीही घासा, जात नाही. पण मिसेस टॉलेफसन, म्हणजे आर्डिस, घासणाऱ्यांतल्या होत्या. त्यांनी ब्लीच वापरलेलं दिसत होतं. ब्लीचने डाग फिका झाला नव्हता; शिवणीचा दोरा मात्र जळला होता. दोरा तुटला, शिवण उघडली, पाऊस आत गेला. डाग घालवायच्या नादात त्यांनी डागाला पाणी पाजलं होतं.

"कुणाच्या आहेत?" गॅरेजच्या दारातून तिची थोरली बहीण जोलीन आत आली.

"टॉलेफसनांच्या. आतून कुजल्यात."

"आणि तू किती सांगितलेस?"

डॅनिकाने हातातला फोम पुन्हा एकदा पिळला.

"अगं, तू दुकान चालवतेस की देवळाबाहेर दानपेटी ठेवलीयेस?" जोलीन उलट्या बादलीवर बसली. "गेल्या वर्षी त्या माणसाच्या बोट चालवायच्या खुर्चीचे किती घेतलेस? आधी साडेचारशे म्हणालीस, तो नुसता 'हं' म्हणाला, तर लगेच तीनशे. तो अजून पुढचं बोललासुद्धा नव्हता!"

"त्याला जास्त वाटले असतील."

"त्याला खोकला आला असेल!"

डॅनिकाला हसू आलं, पण जोलीन हसली नाही. जोलीन खिडक्यांच्या कारखान्यात पंधरा वर्षं होती. तिथे रात्रपाळीला एक जागा होती, काचेभोवती रबर बसवायची. पगार बरा, दवाखान्याचा विमा. तिने डॅनिकासाठी शब्द टाकला होता. हा डॅनिकाचा गॅरेजमधल्या या दुकानातला दुसरा उन्हाळा. पहिल्यात शिवणयंत्राचे हप्ते जेमतेम निघाले होते.

"शुक्रवारपर्यंत सांगायचंय त्यांना," जोलीन म्हणाली. "मी काही तुझ्या मागे लागत नाहीये. पण असंच चालणार असेल, तर हे यंत्र विकून टाक आणि ये."

ती गेल्यावर डॅनिकाने शिवणयंत्राच्या चाकावरून हात फिरवला. चार पदरी जाड रेक्झीन हे यंत्र लोण्यासारखं शिवायचं.  टॉलेफसनांचं काम हजारात केलं तर यंत्र विकावंच लागणार. आणि दोन हजार शंभर सांगितले तर ते गाद्या उचलून घेऊन जाणार. तिला दोन्हीकडून खिडक्यांचा कारखानाच दिसत होता.

मिस्टर टॉलेफसन दुपारी आले. ऑर्विल त्यांचं नाव, पण डॅनिकाला ते तोंडातून निघत नसे, कारण ती सहा वर्षांची असल्यापासून बारावी होईपर्यंत शाळेची बस तेच चालवत होते. टोपी काढून ते दारातच उभे राहिले.

"मी उगाच आलो. तू कामात असशील."

"या ना. बघा." तिने कुजलेली फळी त्यांच्या हातात दिली. तिचा कोपरा त्यांच्या बोटांत कुसकरला.

"हं," ते म्हणाले. "हे वेगळंच आहे."

या भागात 'हे वेगळंच आहे' म्हणजे 'हे भयंकर आहे'.  सगळं एका दमात बोलून टाकायचं असं तिने ठरवलं होतं, आणि तिने ते बोलून टाकलं. "मी न बघता हजार म्हणाले, ती माझी चूक. आतलं सगळं लाकूड बदलावं लागेल, फोमही. दोन हजार शंभर होतील."

मिस्टर टॉलेफसनांनी फळी टेबलावर ठेवली. हात पँटला पुसले. बाहेर कुणीतरी ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडत होतं, त्याची साखळी खडखडली.

"नको मग," ते म्हणाले. "राहू दे. जुनीच बोट आहे. त्यावर टॉवेल टाकून बसू आम्ही. आमचं काय."

सोळाशे, डॅनिकाच्या जिभेवर आलं. सोळाशेत करते. पण सोळाशेत लाकूड येत होतं, फोम येत होता, ती स्वतः येत नव्हती.  जीभ गुंतवून ठेवायला काहीतरी हवं म्हणून तिने कॉफीचं भांडं उचललं.

"कॉफी घेता?"

"नको, नको. आत्ताच झाली."

"अहो, केलेलीच आहे."

"नाही गं, तुझी संपेल उगाच."

"थोडीशी."

"बरं, अर्धा कप. टाकूनच द्यायची असेल तर."

तिने कप काठोकाठ भरला आणि ते काही बोलले नाहीत. त्यांनी पहिला घोट घेतला, आणि डॅनिका हातात भांडं धरून तशीच उभी राहिली.

कॉफीला ते 'नको' म्हणाले तेव्हा तिने भांडं खाली ठेवलं नव्हतं. पहिल्या 'नको'ला भांडं खाली ठेवणाऱ्या बाईबद्दल या गावात वर्षभर बोललं गेलं असतं. पहिलं 'नको' ही सभ्यता, दुसरं 'नको' ही समोरच्याची काळजी, खरं उत्तर तिसऱ्या वेळी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते चमचा धरण्यासारखं अंगात आलेलं होतं. मग भावाच्या बाबतीत तिचं काय बिघडत होतं? दोन उन्हाळे लोक पहिल्यांदा 'नको' म्हणाले की ती लगेच भांडं खाली ठेवत होती. खाली काय, निम्मं ओतून देत होती. बिचारे लोक. त्यांना काय वाटत असेल?

"मिस्टर टॉलेफसन," ती म्हणाली, "दोन हजार शंभर. लाकूड पुन्हा कुजणार नाही असं घालते."

त्यांनी भुवया वर केल्या. "छे गं. तुझ्यावर एवढं काम कशाला. नातू म्हणतो इंटरनेटवर तयार सोफे मिळतात. अठराशेला."

"मिळतात. पातळ असतात. आणि तुमच्या सांगाड्यावर बसणार नाहीत, तो जुन्या मापाचा आहे. सांगाडाही नवा घ्यावा लागेल."

"हं."

ते गप्प झाले. तीही गप्प राहिली. हे गप्प राहणं तिला भाव सांगण्याहून जड गेलं.  कपावरची वाफ विरून गेली. मग तिने कॉफी विचारावी त्याच आवाजात तिसऱ्यांदा म्हटलं, "करू ना? दोन हजार शंभरात?"

मिस्टर टॉलेफसनांनी कपात पाहिलं, मग सोफ्याकडे. "त्यात सीट थोडी उंच होईल का?" ते म्हणाले. "आर्डिसच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून तिला खालून उठवत नाही. गेल्या उन्हाळ्यात ती बोटीवर आलीच नाही. कारण विचारलं तर म्हणते, डास फार."

"दोन इंच फोम वाढवला तर होईल," डॅनिका म्हणाली. आणि मग, आपल्याच तोंडावर विश्वास बसत नसल्यासारखी, "त्याचे साठ जास्त."

मिस्टर टॉलेफसन हसायला लागले. हसता हसता कॉफी सांडली. "बारा वर्षं माझ्या बसमध्ये मागच्या सीटवर बसलीस," ते म्हणाले, "एकदाही तोंड उघडलं नाहीस. बरं झालं, आता उघडलंस. साठ तर साठ. पण मला सांग, यात सगळ्यात महाग काय आहे? रेक्झीन?"

"नाही. वेळ. जुनं रेक्झीन स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं असतं. एकेक पिन उपटायची. त्यातच दिवस जातो."

"आणि पिना मी उपटल्या तर?"

तिने विचार केला. पडतं घ्यायचं म्हणून नव्हे, खरंच किती वेळ वाचेल म्हणून. "तर तीनशे कमी."

"झालं तर," मिस्टर टॉलेफसन म्हणाले, आणि निघायचं तेव्हा मारतात तशी मांडीवर थाप मारली. तरी पुढचा अर्धा तास ते दारात उभं राहून माशांबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, आणि काठी टेकत आर्डिसही. आर्डिसनी रूबार्ब नावाच्या आंबट देठांच्या वड्या आणल्या होत्या. मिस्टर टॉलेफसन पिना वाकवत, तोडत, शिव्या गिळत. आर्डिसनी त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मटाराच्या शेंगा सोलाव्यात तशा पिना काढत सुटल्या.

"सरक, ऑर्विल. बस चालवायची नाहीये."

डागाचं डॅनिकाने सांगितलं तेव्हा आर्डिसचा हात थांबला. "म्हणजे दोन वर्षं मी त्याला खाऊ घालत होते?"

"पाणी. खायला तुमचं लाकूड होतंच."

"मेला," आर्डिस डागाला म्हणाल्या. "आणि मी सगळ्या बायकांना सांगितलंय, ब्लीच लावा म्हणून." त्यांचा चेहरा पडला. मग उजळला. "सगळ्यांच्याच शिवणी गेल्या असतील गं! तुझा नंबर देऊन ठेवते."

गुरुवारी शहरातून उन्हाळ्यापुरता येणारा एक माणूस आला. त्याच्या कोपऱ्याच्या सोफ्याचा भाव डॅनिकाने सांगितला. तो 'नको' म्हणाला. तिने तोच भाव पुन्हा सांगितला, मग पुन्हा. तो तिन्ही वेळा 'नको' म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. डॅनिका त्याच्या गाडीमागची धूळ बघत राहिली. वाईट वाटलं, पण जेवढं वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही. तिने आत जाऊन टॉलेफसनांच्या सोफ्याची पहिली पाठ शिवायला घेतली. टाके सरळ पडत होते.

शुक्रवारी जोलीन पाळी संपवून थेट गॅरेजमध्ये आली. आर्डिस आणि मिस्टर टॉलेफसन शेवटच्या गादीवर होते.

"मग? सांगू ना त्यांना, येते म्हणून?"

"नको," डॅनिका म्हणाली.

"अगं, विमा आहे. हिवाळ्यात तळं गोठल्यावर काय शिवणार आहेस? बर्फ?"

"बोटी हिवाळ्यातच रिकाम्या असतात. लोकांना आत्ताच सांगतेय, गाद्या ऑक्टोबरात आणून द्या. नको, जोलीन."

जोलीनने आर्डिसकडे पाहिलं, जणू तिथून मदत मिळेल. आर्डिस पिना मोजल्यासारखं करत खाली बघत राहिल्या. जोलीन गाडीच्या किल्ल्या हातात खेळवत थोडा वेळ उभी राहिली.

"सोमवारी सांगितलं तरी चालण्यासारखं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "खरंच नको?"

"नको."

जोलीनने एक सुस्कारा सोडला. मग किल्ल्या खिशात टाकल्या, बादली ओढली आणि आर्डिसच्या शेजारी बसली.

"द्या तो स्क्रूड्रायव्हर. कसं काढायचं हे?"

"खालून घाल," डॅनिका यंत्रावरून मान न वळवता म्हणाली. "आणि वाकवू नकोस. सरळ वर."