एक्केचाळिसावी ओळ

आ-शानने थर्मास तिरका केला आणि द्रवरूप नायट्रोजनची धार प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडली. पांढरी वाफ टेबलावरून खाली ओघळली. मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या पडद्यावर ५५ उमटलं आणि तिथेच थांबलं. म्हणजे मेमरी सापडत नाही. सकाळपासूनची ही नववी वेळ.

"फान दादा, सातच ठेवलंय," ती म्हणाली. "तरी मेलं बसतंय."

फान चेंग-हुई दोन पावलांवर उभा होता. बायोस म्हणजे संगणक चालू होताना सगळ्यांआधी जागा होणारा प्रोग्राम; त्याच्या मेनूत शेकडो ओळी असतात, आणि तैवानमधल्या चुंगहेतल्या या कंपनीत त्या लिहिण्याचं काम गेली एकवीस वर्षं त्याच्याकडे होतं. नेमून दिलेल्या वेगापेक्षा संगणक जोरात पळवायचा असला की आ-शानसारखी माणसं प्रोसेसर गारठवून त्या ओळींमधले आकडे बदलत बसतात. ती कंपनीची विक्रमवीर. गेल्या वर्षी तिने केलेला विक्रम कोणा पोलिश माणसाने मोडला होता. आज चार वाजता, पत्रकारांसमोर, तिला तो परत आणायचा होता. नाही आला तर जूनमध्ये तिचा करार संपणार, हे लियाओ साहेबांनी तिला फार गोड शब्दांत सांगितलं होतं.

"ती एक्केचाळिसावी ओळ नक्की करते तरी काय?" तिने विचारलं. "मागच्या वर्षी शून्याचे सात केले आणि यंत्र सुतासारखं सरळ झालं. आता सगळं जग सात ठेवतं. का सात, ते एकालाही सांगता येत नाही."

"बघतो," फान म्हणाला. हा शब्द उच्चारायला त्याला आता श्वासही लागत नसे.

तेवढ्यात लियाओ साहेब आत आले आणि यंत्राशेजारचं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट उचलून मुदतीची तारीख वाचू लागले. पाकीट हिरवंच लागतं, पिवळं चालत नाही, आणि मुदत उलटू द्यायची नाही. मग यंत्र गुणी बाळासारखं वागतं, अशी इथे सगळ्यांची श्रद्धा.

"फान, नव्या आवृत्तीत ज्या ओळीचं काम सांगता येत नाही ती काढायची. एक्केचाळीसचं कारण संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर उडवा."

"साहेब, आणि पाकीट काय काम करतं?" आ-शानने विचारलं.

"तू तुझं यंत्र बघ. पाकीट मुदतीत आहे." त्यांनी ते जपून जागेवर ठेवलं.

दुपारी साडेबाराला नेहमीप्रमाणे दिवे मालवले गेले आणि सगळी कचेरी टेबलांवर उश्या टाकून झोपली. फानने डबा उघडला, आणि एका हाताने गार झालेला डुकराच्या मांसाचा तुकडा खात दुसऱ्या हाताने एक्केचाळिसाव्या ओळीचा माग काढला. फार लांब जावं लागलं नाही. आकडा मेनूतून आत जाऊन बसत होता आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा मेनूत परत येत होता. मधे त्याला विचारणारं कोणी नव्हतं. ओळ कशालाच जोडलेली नव्हती.

शेजारी टीप होती: 'समोरच्या कंपनीच्या मेनूत या पानावर एक्केचाळीस ओळी आहेत. तूर्त जागा धरतो, नंतर जोडू.' खाली अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चमधली तारीख, आणि नाव त्याचंच.

टीप लिहिल्याचं त्याला आठवेना. मार्च आठवला. त्या महिन्यात त्याची बायको श्यू-लान मुलीला घेऊन थायनानला निघून गेली होती आणि तो रोज नऊच्या ठोक्याला हजर होता. एक खाडा नाही. वाईट वाटेल म्हणून त्याने जरा वेळ वाट पाहिली. मग हाड डब्याच्या झाकणावर ठेवलं.

दिवे लागल्यावर तो प्रयोगशाळेत गेला. वाक्य तयार होतं, छोटंच होतं. आ-शान बोर्डावरचं दव केस वाळवायच्या यंत्राने घालवत होती. तिच्या बोटांना पट्ट्या होत्या.

"सापडलं?"

"मागच्या वर्षी सात ठेवल्यावर तू काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं, झालं आता, आणि निवांत ओतत बसले. आई तर चित्रफीत बघून म्हणाली, ही तू नव्हेसच, तुला कधी एवढा धीर धरवलाय!" ती हसली. मग तिने वाळवायचं यंत्र बंद केलं. "दादा, खरं सांगा. काही होईल का आज?"

सकाळपासून ती थर्मास बादलीसारखा उपडा करत होती, आणि फार गारठलं की मेमरी सापडत नाही, हे या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. तिलाही. फानने तोंड उघडलं.

"सात नको," तो म्हणाला. "आठ ठेव."

"आठ? कोणीच ठेवत नाही आठ."

"म्हणूनच. पण आठला घाई चालत नाही. धार बारीक ठेव. उणे शंभराच्या खाली गेलीस की दर पाच अंशांना थांब."

"का पण?"

"ओळ मी लिहिली आहे."

मग तिने आठ टाकले आणि थर्मास दोन्ही हातांनी धरला.

पावणेचारला यंत्र हॉलमध्ये नेलं. फान आपल्या टेबलाशी येऊन बसला. लियाओ साहेब वाटेत थबकले.

"एक्केचाळीसचं कारण?"

फानने लिहिलं: 'आकडा बदलल्यावर सावकाश घ्यावे.'

"हे तांत्रिक वाटत नाही."

"इंग्रजीत वाटेल."

साहेबांनी विचार केला, मान डोलावली आणि हॉलकडे गेले. फानने ओळ जपून ठेवण्याचं बटण दाबलं. चार वाजून काही मिनिटांनी भिंतीपलीकडून अचानक पुष्कळ माणसांचा एकदम आवाज आला. आनंदाचा की हळहळीचा, ते भिंतीतून कळत नव्हतं.

आपण उठलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो दारापर्यंत पोचला होता.