विनीचा हात

१९५६ साल. शाळा सुरू होण्याआधीच्या शनिवारी इंग्लंडमधल्या बर्नलीतल्या आमच्या बुटांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागे बुटांना टाचा ठोकत बसायचो, तिथून सगळं दिसायचं. आमची विक्रेती विनी एंट्विसल त्या दिवशी एक्स-रेच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली आणि हलेना.

ते लाकडी कपाट म्हणजे दुकानाची शान. नवे बूट घालून पोरानं खालच्या फटीत पाय सरकवायचे. वरच्या भोकांतून हिरव्या उजेडात हाडं दिसायची. बोटांपुढे किती जागा उरली ते आईला कळावं म्हणून विनी फटीत हात घालून बूट दाबून दाखवायची. पोर बदलायचं, हात तोच. वर्षानुवर्षं. आता त्या किरणांनी तिच्या उजव्या तर्जनीवर झालेली जखम भरत नव्हती. बोट काढावं लागेल, आणि हे थांबलं नाही तर पंजाही जाईल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

"विनी, बाजूला हो," मालक क्लेग म्हणाले. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

"बूट मी हातानं बघून देते. कपाट बंद."

"कपाटासाठीच तर येतात लोक! समोरच्या दुकानात जातील."

"जाऊ देत."

"मग तूही जा."

"सोमवारी जाते. आज एवढ्या पोरांचे पाय कोण मापणार, तुमची सासू?"

बायका हसल्या. रांगेत पहिली असलेली मिसेस शॉरॉक मात्र हसली नाही. "अगं बाई, माझ्या डोरीनला यंत्रच हवं. अंगठ्यानं दाबून काय कळतं?"

"तुमची डोरीन शाळा सुटली की रोज इथं फुकटात बोटं बघून जाते. ठाऊक आहे?"

विनीनं हातमोजा काढला. काळपट, भेगाळलेलं बोट बघून बायका मागे सरकल्या.

"घ्या मालक," ती बाजूला झाली. "दाबा बटण. पण आज आत हात तुमचा."

डोरीन टुणकन कपाटाच्या पायरीवर चढली. क्लेग वाकले, बाही वर सारली, फटीपर्यंत हात नेला. हात तिथेच थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं.

"डोरीन," मिसेस शॉरॉक म्हणाली, "उतर खाली. आत्ता."

क्लेगनी भिंतीतून कपाटाची वायर उपसली.

विनी गुडघ्यांवर बसली. डावा अंगठा बुटाच्या टोकावर ठेवला. "हलव बघू बोटं."

"गुदगुल्या होतात!"

"होणारच. दुसरा पाय आण."