गुरुवारची नोंद

बटण दाबलं की माईकच्या मानेभोवती लाल कडं पेटायचं आणि दुसऱ्या कुणाचं तरी विझायचं — एका वेळी एकच. नोरीन हेस्केथ मघापासून तेवढंच बघत होती. टाऊन हॉलातल्या लांबलचक टेबलाभोवती नगरपालिकेची, इस्पितळाची, दवाखान्यांची माणसं बसली होती. आरोग्य मंडळाची बैठक. विषय सातवा — म्हाताऱ्यांच्या डे सेंटरचा गुरुवार बंद करायचा की नाही.

प्रश्न तिनं दहा दिवस आधी लिहून पाठवला होता, नियमच तसा. त्यात लिहिलं होतं: माझ्या नवऱ्याला, विल्फला, तिथं फार करमतं, सोबत्यांबरोबर तो डॉमिनोज खेळतो... खेळतो कसला! चार सोंगट्या खिशात घालून घरी आणतो, आणि त्या कुणाच्या हे त्याला आठवत नाही. दर गुरुवारी मिनीबसच्या पायरीवर तो तिचा कोट धरून ठेवतो — नको ना, नोरीन — आणि ती ड्रायव्हरकडे बघून हसत त्याचं एकेक बोट सोडवते. मग घरी येऊन, बूटही न काढता, त्याच्याच खुर्चीत बसते, तीन वाजेपर्यंत. चहासुद्धा करत नाही. कुणी हाक मारत नाही, तेच ते पुन्हा विचारत नाही... काय सुख असतं ते, मी कुणाला सांगू? नवऱ्याला पिटाळून असं कुणी बसतं का?

अध्यक्षबाईंनी, काउन्सिलर होल्डननी, उत्तर वाचून दाखवलं: आढावा चालू आहे. मग चष्म्यावरून पाहिलं. "हेस्केथबाई, आणखी एक प्रश्न विचारता येतो तुम्हाला. विचारायचाय?"

बसभाड्याचा प्रश्न कागदावर तयार होता. तिनं बटण दाबलं.

"ते करमतं वगैरे खोटं आहे," ती म्हणाली. "त्याला तिथं जायचंच नसतं. गुरुवार मला हवाय. मला. नाहीतर एक दिवस मी त्याच्यावर हात उगारीन... भीती वाटते मला."

कुणी च्च केलं नाही. इस्पितळाच्या डॉक्टरनं मान डोलावली, जणू गुडघेदुखीची तक्रारच ऐकली. कोपऱ्यातल्या कारकून मुलीनं मान वर केली. "'हात उगारीन' असंच लिहू का, बाई?"

"तसंच लिही."

"नोंद घेतली," होल्डनबाई म्हणाल्या. "निर्णय सप्टेंबरच्या बैठकीत. आणि बाई, जाताना या डॉक्टरांशी बोलून जा. आजच."

"नोंद घेतली म्हणे!" मागच्या रांगेतला एक म्हातारा पुटपुटला. "यांना दुसरं येतं काय?"

नोरीनला मात्र हलकं वाटत होतं, इतकं की रडू येईल अशी धास्ती वाटली. कडं विझलं, दुसरीकडे पेटलं, विषय आठवा सुरू झाला — लसीकरण. तिचं वाक्य त्या मुलीच्या कागदावर होतं आणि छत काही कोसळलं नव्हतं. सप्टेंबरात गुरुवार राहील की जाईल, कोण जाणे. पण राहिला, तर त्या पायरीवर विल्फची बोटं सोडवताना ड्रायव्हरकडे बघून हसायची आता गरज नव्हती.